बैलाचा सांधा आणि आपला गुडघा

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वऱ्हाडातल्या गोठ्यांत बैलांचे खांदे शेकले जातात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या त्या खांद्यांना तूप-हळद चोळली जाते आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण दिले जाते. अमरावती-अकोल्याकडच्या शेतकरी घरांत वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांनी हा विधी लहानपणापासून पाहिला आहे. त्या वेळी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. खांदा चोळणाऱ्या हातांनीही तितकेच पावसाळे पाहिलेले असतात. म्हातारा बैल उठताना क्षणभर अडखळतो आणि त्याच्या शेजारी उकिडवे बसलेले आजोबाही उठताना खुंट्याचा आधार शोधतात.

या बैलाचा गुडघा कोठे आहे, असे कोणी विचारले, तर आपण बहुधा त्याच्या पुढच्या पायाच्या मधल्या सांध्याकडे बोट दाखवू. शरीररचनेच्या दृष्टीने तो गुडघा नव्हे. ते बैलाचे मनगट आहे. मागच्या पायाचा जो कोपरा मागे वळलेला दिसतो, तो त्याचा घोटा. खरा गुडघा मागच्या पायात बराच वर, पोटाच्या कडेला असतो आणि आपल्या गुडघ्याप्रमाणेच त्याला वाटी असते, गादीसारख्या चकत्या असतात, आतून बांधणारे अस्थिबंध असतात. बैल जणू बोटांच्या टोकांवर उभा असतो, म्हणून आपली ओळख चुकते. एकदा हा हिशेब जुळला, की त्याच्या हाडांशी आपले एकेक हाड ताडून पाहता येते.

प्राण्याच्या हाडाशी माणसाचे हाड ताडून पाहण्याची ही विद्या शतकानुशतकांची आहे. गेल्या तीसेक वर्षांत ती हाडांच्या आत, पेशींतील जनुकांपर्यंत पोहोचली आहे. उंदीर, मासा, सॅलॅमँडर, कुत्रा, घोडा आणि माणूस यांच्या सांध्यांतील जनुकांची जाळी एकमेकांशेजारी ठेवून संधिविकारांचे मूळ शोधले जात आहे. वाचकहो, हा विषय दूरच्या प्रयोगशाळेचा वाटेल. पण आपल्या घरातील सांधेदुखीच्या रुग्णाला डॉक्टर जे औषध लिहून देतात, ते देण्यापूर्वी ज्या तपासण्या सांगतात, आणि वर्तमानपत्राच्या घडीतून जी ‘गुडघा नवा करण्याची’ जाहिरात आपल्या हाती पडते, त्या सर्वांशी याचा थेट संबंध आहे.

सांध्याचे वंगण

प्रथम सांध्याची ओळख करून घेऊ. जेथे दोन हाडे एकमेकांना भेटतात, तेथे त्यांच्या टोकांवर गुळगुळीत, पांढऱ्या कूर्चेचे आवरण असते. भोवती एक पिशवी असते, तिला आतून पातळ अस्तर असते आणि ते अस्तर सांध्यात दाट, चिकट द्रव पाझरवते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. पाऊल टाकले की ती दाबली जाते, पाऊल उचलले की फुगते आणि या दाबण्या-फुगण्यातूनच द्रवातील पोषण तिच्यापर्यंत पोहोचते. सांधा हलता राहिला तरच तिला अन्न मिळते, ही गोष्ट लेखाच्या शेवटी पुन्हा उपयोगी पडणार आहे.

या द्रवात ल्युब्रिसिन नावाचे एक प्रथिन असते. सांध्यावरचे घर्षण कमी ठेवण्याचे काम मुख्यतः त्याचे. १९७०च्या दशकात शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला तो गायी-बैलांच्या सांध्यांतील द्रवावर. पुढे १९९९मध्ये असे आढळले, की बालपणीच बोटे आखडणाऱ्या आणि मोठे सांधे सुजवणाऱ्या एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात याच प्रथिनाचे जनुक बिघडलेले असते. ते जनुक काढून टाकलेल्या उंदरांचे सांधेही लवकर खराब झाले.

मग प्रश्न आला, हे वंगण किती जुने आहे? समजूत अशी होती, की जमिनीवर चालू लागलेल्या प्राण्यांनाच शरीराचे वजन पेलण्यासाठी त्याची गरज पडली असावी. २०१६मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी झेब्रा मासा तपासला. आपल्याच देशातील नद्या-ओढ्यांत आढळणारा, बोटाच्या दोन पेरांएवढा हा पट्टेरी मासा. त्याच्या जबड्याच्या सांध्यात तशीच पोकळी आणि तसेच ल्युब्रिसिन सापडले. ते जनुक निकामी केल्यावर वय वाढलेल्या माशांचे सांधे झिजू लागले. माणसाचा आणि या माशाचा समान पूर्वज चाळीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा. एवढ्या काळात पंखांचे पाय झाले, पायांचे हात झाले. पण सांध्याला वंगण घालण्याची मूळ युक्ती निसर्गाने बदलली नाही.

जनुकांची भावकी

माणसाच्या प्रत्येक पेशीत प्रथिने घडवणारी सुमारे २०,००० जनुके असतात. मेंदूच्या पेशीत तीच, यकृताच्या पेशीत तीच आणि कूर्चेच्या पेशीतही तीच. फरक असतो तो कोणते जनुक जागे आणि कोणते निजलेले, यात. शिवाय जनुके एकेकटी वागत नाहीत. गावातल्या भावकीसारखे त्यांचे असते. एकाकडे कार्य निघाले, की दहा घरांत हालचाल सुरू होते. एका घरात बिनसले, की चार घरांत अबोला धरला जातो. कूर्चेच्या भावकीत ‘सॉक्स-९’ हे जनुक कर्त्या माणसासारखे आहे. ते जागे असले, की कूर्चेला ताकद देणारे कोलॅजन आणि पाणी धरून ठेवणारे ॲग्रिकन ही दोन मुख्य प्रथिने घडवणारी जनुके कामाला लागतात. परस्परांना चालवणाऱ्या, थोपवणाऱ्या जनुकांच्या अशा गुंत्यालाच जनुकांचे जाळे म्हणतात.

झिजेच्या संधिवातात, म्हणजे उतारवयात गुडघ्यांना आणि खुब्यांना ग्रासणाऱ्या विकारात, हे जाळे हळूहळू विस्कटते. बांधणारी जनुके मंदावतात, तोडणारी विकरे घडवणारी जनुके जोर धरतात आणि अस्तराला सौम्य दाह सुरू होतो. म्हणूनच ‘चाक झिजले, आता काय उरले’ ही उपमा अपुरी आहे. चाकाला स्वतःची डागडुजी करता येत नाही. सांधा ही जिवंत, काही प्रमाणात दुरुस्ती करणारी आणि कधी त्या दुरुस्तीत चुकणारी वस्तू आहे.

आता प्राण्यांची तुलना कशासाठी, हे पाहू. माणसाची आजारी कूर्चा शास्त्रज्ञांच्या हाती बहुधा लागते ती सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी, म्हणजे अगदी अखेरच्या अवस्थेत. पूर ओसरल्यावर गावात जावे आणि पाणी प्रथम कोणत्या आळीत शिरले हे शोधू लागावे, तशी ही स्थिती. हजारो जनुकांची वागणूक बदललेली दिसते; पण त्यांतील कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे कळत नाही. उंदराच्या गुडघ्यातील चकतीचा बंध सैल केला, तर पहिल्या दिवसापासून आठवड्या-आठवड्याला काय बदलते हे पाहता येते. पण उंदरात दिसलेले सगळेच माणसाला लागू पडत नाही. म्हणून दोन्ही याद्या शेजारी ठेवतात. उंदीर आणि माणूस यांच्या वाटा सुमारे आठ-नऊ कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. एवढ्या अंतरानंतरही जनुकांचा जो गट दोघांच्या आजारी सांध्यांत सारखाच बिघडलेला दिसतो, तो रोगाच्या गाभ्याजवळचा असण्याची शक्यता अधिक. आणि जो एकातच दिसतो, तेथे औषध शोधताना सावध राहायचे.

या पद्धतीने कधी अनपेक्षित आशाही हाती लागते. सॅलॅमँडर हा पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी तुटलेला पाय सांध्यासकट पुन्हा उगवतो. २०१९मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांना असे आढळले, की सॅलॅमँडर आणि काही माशांत अवयव पुन्हा उगवताना जे सूक्ष्म आरएनए रेणू काम करतात, त्यांतील काही माणसाच्या कूर्चेतही आहेत. ते घोट्यात अधिक, गुडघ्यात त्याहून कमी आणि खुब्यात सर्वांत कमी. कूर्चेतील प्रथिनांचे वयही त्याच क्रमाने दिसले. घोट्यातील प्रथिने नवी, खुब्यातील जुनी. घोटा सहसा झिजत नाही आणि गुडघा-खुबा झिजतात, यामागील एक कारण येथे असू शकते. यातून अद्याप उपचार निघालेला नाही. मात्र दुरुस्तीची क्षमता माणसात मुळीच नाही, हा समज त्यामुळे सैल झाला.

एक यश आणि त्यामागची सावधगिरी

संधिविकारांत आमवाताचा प्रकार वेगळा. येथे शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्याच्या अस्तरावर उलटते. हातांची लहान बोटे, मनगटे दोन्ही बाजूंनी सुजतात, सकाळी तासन्‌तास आखडलेली राहतात आणि उपचार झाले नाहीत तर कायमची वाकडी होतात.

१९८०च्या दशकात लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी हे दोघे या रोगातील संदेशवाहक प्रथिनांचे जाळे उलगडत होते. सुजलेल्या अस्तरात अशी अनेक प्रथिने एकाच वेळी वाढलेली असत. एकाला अडवून काय होणार, बाकीची आहेतच, असे तेव्हा बहुतेकांना वाटे. प्रयोगशाळेतील मानवी पेशींवर त्यांना दिसले, की टीएनएफ नावाचे एक प्रथिन अडवले तर इतरही खाली येतात. पाटाच्या मुख्य दाराशी टीएनएफ उभे होते. उंदरांनी ही गोष्ट पक्की केली. १९९१मध्ये ग्रीसमधील संशोधकांनी मानवी टीएनएफ जास्त प्रमाणात तयार करणारे उंदीर घडवले. त्यांना आपोआप संधिवात झाला आणि टीएनएफविरोधी प्रतिपिंड देताच तो रोखला गेला. १९९२मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात २० रुग्णांवर पहिली चाचणी सुरू झाली. दशक संपण्याच्या आत ही औषधे आमवातासाठी मान्य झाली. आज भारतातही ती मिळतात आणि ज्यांना नेहमीच्या गोळ्या पुरत नाहीत, अशा रुग्णांचे हात त्यांनी वाकडे होण्यापासून वाचवले आहेत.

याच कथेची दुसरी बाजू आपल्या देशासाठी अधिक महत्त्वाची आहे. १९९५मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले, की ज्या उंदरांत टीएनएफचा संदेश पोहोचत नाही, ते क्षयरोगाच्या जंतूंपुढे टिकत नाहीत. म्हणजे जे प्रथिन सांधा सुजवते, तेच क्षयाच्या जंतूंना शरीरात कोंडूनही ठेवते. औषध बाजारात आल्यावर २००१मध्ये ते घेणाऱ्या ७० रुग्णांना क्षय झाल्याची नोंद एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. उंदरांनी दिलेला इशारा खरा ठरला होता. आपल्याकडे अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू निद्रिस्त असतात. म्हणून आपल्या रुग्णाला असे इंजेक्शन सुचवले असेल, तर आधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी झाली आहे ना, हे जरूर विचारावे. घरात पूर्वी कोणाला क्षय झाला असेल, तर तो लाजेने लपवू नये, डॉक्टरांना सांगावा.

एक अपयश, तेही शिकवणारे

झिजेच्या संधिवातात असे यश अजून आलेले नाही. २००५मध्ये उंदरांवरील दोन प्रयोगांनी मोठी आशा निर्माण केली. ॲग्रिकन तोडणारे ‘ॲडॅम्टीएस-५’ हे विकर नसलेल्या उंदरांची कूर्चा बऱ्याच अंशी सुरक्षित राहिली. त्याचे भावंड ‘ॲडॅम्टीएस-४’ काढून टाकले, तर मात्र उंदरांना काहीच फायदा झाला नाही. शत्रू सापडला असे वाटले. त्या विकराला अडवणारी गोळी तयार झाली आणि गुडघ्यांच्या नऊशेहून अधिक रुग्णांवर तिची चाचणी झाली. २०२०मध्ये निकाल आला. वर्षभर गोळी घेऊनही कूर्चा कमी होण्याचा वेग थांबला नाही.

असे का व्हावे? उंदराची कूर्चा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावी इतकी पातळ. माणसाच्या गुडघ्याची दोन ते चार मिलिमीटर जाड. उंदराचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. आपला गुडघा साठ वर्षे चाललेला. प्रयोगातील उंदीर तरुण असतो आणि त्याला दुखापत झालेली असते. आपल्या आजींना वय, वजन, वर्षानुवर्षे वाकून केलेली कापूसवेचणी आणि जुनी एखादी दुखापत हे सारे एकत्र भोवते. उंदरात जे काम एकच भावंड पाहते, ते माणसात दोघे वाटून घेत असतील, अशीही शक्यता शास्त्रज्ञ मानतात. एखादे जनुक दोन प्राण्यांत सारखे असले, तरी त्याची भावकी सारखी असेलच असे नाही. म्हणूनच आता एका जनुकाऐवजी पूर्ण जाळ्याची तुलना करण्यावर भर आहे. ‘उंदरांवर यशस्वी प्रयोग, संधिवात आता बरा होणार’ अशी बातमी पुढच्या वेळी वाचाल, तेव्हा ही हकीकत आठवावी.

घराण्यातून येते, म्हणजे काय?

‘माझ्या आईचे गुडघे दुखायचे, आता माझे; हे आमच्या घराण्यातच आहे,’ असे अनेकजण म्हणतात. त्यात तथ्य आहे. १९९४मध्ये आखूड पायांच्या उंदरांच्या एका जुन्या वाणाचे कोडे सुटले. त्यांचे ‘जीडीएफ-५’ हे जनुक बिघडलेले होते. २००७मध्ये जपानी संशोधकांना याच जनुकाशी निगडित एक फरक खुब्याच्या संधिवाताच्या रुग्णांत अधिक आढळला. २०१७मध्ये आखूड पायांच्या उंदरांचे कोडे सोडवणाऱ्यांपैकी एक, डेव्हिड किंग्जली, आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवले, की या जनुकाशेजारील एक लहानसा बदल हाडांची लांबी किंचित कमी करतो आणि संधिवाताचा धोका काहीसा वाढवतो. युरोप आणि आशियातील निम्म्याहून अधिक लोकांत तो आहे. थंड प्रदेशांत आखूड हाडे उपकारक ठरली असावीत, म्हणून तो टिकला, असा त्यांचा तर्क आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या पूर्वजांना साथ देणारा बदल आपल्या म्हातारपणी गुडघ्याला जड जातो.

पण हा एकटा बदल नाही. २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विशाल अभ्यासात १९ लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून झिजेच्या संधिवाताशी जोडलेले ९६२ जनुकीय फरक नोंदवले गेले. प्रत्येकाचा वाटा थोडा थोडा. म्हणून एका जनुकाची तपासणी करून ‘तुमचे गुडघे जाणार’ किंवा ‘वाचणार’ असे कोणी सांगत असेल, तर त्यावर पैसे घालवू नयेत. घराण्यातून कल येतो. निकाल येत नाही. वजन, स्नायूंची ताकद आणि दुखापतीनंतरची काळजी यांना त्यात मोठा वाव असतो.

आपल्या मातीतला प्रश्न

त्या १९ लाखांत बहुसंख्य युरोपीय वंशाचे होते. भारतीयांचे काय? महाराष्ट्रात या दुखण्यांची पद्धतशीर मोजदाद १९९६मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे झाली. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोपडा यांच्या चमूने घरोघर जाऊन ४,०९२ प्रौढांची विचारपूस केली. १८ टक्क्यांहून अधिक लोकांना हाडे, सांधे वा स्नायूंची दुखणी होती आणि आमवात साधारण दर दोनशे प्रौढांत एकाला. सांधेदुखी हा शहरी, सुखवस्तू माणसांचा रोग आहे, हा समज त्या गावाने खोटा ठरवला. जनुकांच्या बाजूने ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने देशातील ८३ समाजगटांतील सुमारे १०,००० व्यक्तींच्या जनुकसंचाचे वाचन केले असून जानेवारी २०२५मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. युरोपात सापडलेले फरक आपल्याकडे तसेच आहेत का, हे पाहण्याचा पाया त्यामुळे घातला गेला.

वऱ्हाडापुरते बोलायचे, तर तुलनेचे दोन्ही पक्ष येथे आहेतच. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख स्मारक वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि अकोल्यातच पशुवैद्यकाचे उच्च शिक्षण देणारी स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थाही आहे. एकीकडे कापूस वेचणाऱ्या बायांचे गुडघे तपासले जातात, दुसरीकडे त्यांच्याच बैलांचे आणि कुत्र्यांचे सांधे. कुत्रा आपल्याच घरात, आपल्याच पाण्यावर वाढतो आणि त्याला झिजेचा संधिवात आपल्यासारखाच, वयानुसार, आपोआप होतो. म्हणूनच उंदराच्या कृत्रिम दुखापतीपेक्षा कुत्र्याचा सांधा माणसाच्या अधिक जवळचा, असे मानणारा मोठा वर्ग आता संशोधकांत आहे. माणसाचे डॉक्टर आणि जनावरांचे डॉक्टर यांनी एका टेबलाशी बसावे, याहून चांगले कारण कोणते?

आज घरी काय करावे?

उद्याचे औषध उद्या येईल. आजचा प्रश्न आहे तो अंगणातून ओट्यावर चढण्याचा आणि एसटीची उंच पायरी गाठण्याचा. तेव्हा काही गोष्टी काळजी घेणाऱ्यांनी ध्यानात धराव्यात.

दुखण्याचा प्रकार ओळखावा. सकाळचा ताठरपणा थोड्याच वेळात मोकळा होत असेल, चालल्यावर दुखत आणि बसल्यावर थांबत असेल, तर बहुधा ती झीज असते. ताठरपणा अर्ध्या-एक तासाहून अधिक टिकत असेल, बोटांचे व मनगटांचे सांधे सुजून ऊन लागत असतील आणि हे सहा आठवड्यांत शमले नसेल, तर ‘वयच झाले’ म्हणून थांबू नये. आमवातात पहिले काही महिने फार मोलाचे असतात. चिकुनगुनियाच्या तापानंतरही सांधे महिनोन्‌महिने दुखू शकतात. तापाचा इतिहास डॉक्टरांना सांगावा. एकच सांधा अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मांडीचे स्नायू बळकट करावेत. खुर्चीत बसून एक पाय समोर सरळ करावा, मनात दहा मोजावे, हळूच खाली घ्यावा, मग दुसरा. सुरुवात पाच वेळांपासून. कूर्चेला पोषण हालचालीतूनच मिळते, हे आपण पाहिले. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. व्यायामाची एवढी जुनी परंपरा असलेल्या प्रदेशात तो केवळ तरुणांसाठी आहे, असे मानण्याचे कारण नाही. वजन अधिक असेल तर ते थोडे जरी उतरले, तरी लाभ मोठा असतो. एक किलो वजन घटले, की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे मोजमाप झालेले आहे. खाली बसण्याऐवजी खुर्ची, कमोड आणि दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात काठी, यांत कमीपणा मानू नये.

औषधांबाबत दक्ष राहावे. वेदनाशामक गोळ्या मनाने सलग घेतल्यास मूत्रपिंडांना आणि पोटाला इजा होते. मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांना धोका अधिक. आठवडी बाजारात किंवा ओळखीतून मिळणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्यांनी दोन दिवसांत चमत्कारिक आराम पडत असेल, तर त्यांत स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी आणि पुडी डॉक्टरांना दाखवावी. अशी पुडी फार दिवस घेतली असेल, तर ती एकाएकी बंद न करता त्यांच्या सल्ल्यानेच बंद करावी. आमवातासाठी मेथोट्रेक्सेटची गोळी दिली असेल, तर ती आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यास ती जिवावर बेतू शकते. तो वार भिंतीवरच्या कालनिर्णयावर ठळक लिहून ठेवावा आणि डबी इतर गोळ्यांपासून वेगळी ठेवावी.

‘मूलपेशींनी गुडघा नवा’ असे सांगून मोठी रक्कम मागणारा कोणी भेटला, तर थांबावे. २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार काही ठरावीक रक्तविकार वगळता मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीत करायचा असतो आणि चाचणीत रुग्णाकडून त्यासाठी पैसे घेतले जात नाहीत. सॅलॅमँडरची किमया माणसात आणण्याचे काम प्रयोगशाळेत चालू आहे. बाजारात ती अजून आलेली नाही. झीज पराकोटीला गेली, रात्रीची झोप उडाली आणि चालणे सुटू लागले, तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया हा आजही परिणामकारक उपाय आहे. केवळ वयाच्या आकड्याला भिऊन तो नाकारू नये. हृदय, साखर आणि घरातील मदत यांचा विचार करून निर्णय घ्यावा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा येतो. नातवंडे लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत गल्लीत निघतात. त्या बैलाला सांधे नसतात, चाके असतात. तो कधी दुखत नाही आणि स्वतःहून एक पाऊलही टाकत नाही. त्याच्यामागून चालणाऱ्या आजी-आजोबांचे गुडघे जिवंत आहेत, म्हणून दुखतात. त्या गल्लीच्या टोकापर्यंत त्यांना नातवंडाच्या सोबतीने जाता यावे, एवढ्यासाठी आज संध्याकाळपासून खुर्चीतला तो पाच वेळांचा व्यायाम सुरू करावा; आणि घरातल्या कोणाची बोटे सकाळी सुजलेली दिसत असतील, तर या आठवड्यातच डॉक्टरांची वेळ घ्यावी.